वाचकांचे प्रश्न : हत्यारांची घरे

प्रश्न : भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, बंद केलेल्या गॅलरीत चार फूट लांब आणि दोन फूट रुंद टेबल मांडून मी वर्षभरापासून चामड्याची पाकिटे आणि पट्टे शिवतो. चामडे कापायची रापी, टोकदार आऱ्या, पंच, टाक्यांची भोके पाडायचे दातेरी पंच अशी सगळी हत्यारे एकाच डब्यात पडलेली असत, म्हणून मार्च महिन्यात मी जाड चामड्याची गुंडाळी शिवली आणि प्रत्येक हत्याराला तिच्यात कप्पा दिला. ऑगस्टमध्ये ती उघडली तेव्हा रापीच्या पात्यावर गंज चढलेला होता आणि कप्प्यांच्या आत काळे डाग पडले होते. आता हत्यारांसाठी घरच्या घरी, कमी खर्चात कोणती सोय करावी?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तुम्ही वर्णन केलेला प्रकार मी स्वतः अनुभवला आहे, आणि तेव्हा माझी सर्वांत आवडती रापी मला अक्षरशः नव्याने घासून काढावी लागली होती. दोष तुमच्या शिवणकामाचा नाही. कोल्हापुरी चपलांचे चामडे ज्या बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात त्यांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते, आणि ओलाव्याच्या संगतीत टॅनिन व लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांपासून लिहिण्याची काळी शाई करीत, ती याच गुणामुळे. शिवाय चामडे हवेतला दमटपणा शोषून घेते आणि तो पात्याला चिकटवून धरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, त्यामुळे कप्प्यात बंद असलेले पोलाद चार महिने ओल्या फडक्यात ठेवल्यासारखेच असते. गुंडाळी टाकून देऊ नका. ठोकायची लाकडी मोगरी, हाडाची पट्टी, कडा घासायचे लाकूड यांसाठी ती उत्तम आहे. धारेचे पोलाद मात्र मुंबईत चामड्यात ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

हत्यारांचे घर बांधण्याआधी एक काम करा. टेबल पूर्ण रिकामे ठेवून एक पाकीट पहिल्या आखणीपासून शेवटच्या कडेपर्यंत तयार करा आणि हात कोणत्या हत्याराकडे, कोणत्या बाजूला, किती वेळा जातो ते कागदावर लिहीत जा. आखणे, कापणे, कडा पातळ करणे, चिकटवणे, भोके पाडणे, शिवणे आणि कडा घोटणे हा क्रम सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो, पण उजव्या हाताने काम करणारा आणि डावखुरा यांची मांडणी सारखी असू शकत नाही, आणि पुस्तकातली सुंदर मांडणी तुमच्या खांद्याला दुखवत असेल तर तिचा उपयोग नाही. त्या कागदावरून पुठ्ठ्याची नक्कल करून आठवडाभर वापरा. लाकूड कापण्याची वेळ त्यानंतरची.

लाकडाच्या बाबतीत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता, टाळा, कारण दमट हवेत तो फुगतो आणि स्क्रू धरून ठेवत नाही. फर्निचर बनवणाऱ्या सुताराकडे प्लायचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. त्यावर आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असेल तर ते पाण्याला टिकणारे मरीन प्लाय आहे, आणि तुमच्या गॅलरीसाठी तेच घ्यावे. हत्यारे लावायची भिंतीवरची मुख्य फळी १९ मिलिमीटर जाडीची, बाकीची ६ मिलिमीटरची पुरते. फळी भिंतीला थेट ठोकू नका. गॅलरीच्या बाहेरच्या भिंतीतून पावसाळ्यात ओल झिरपतेच, म्हणून मागे दोन उभ्या पट्ट्या लावून फळी आणि भिंत यांच्यात किमान पाऊण इंच मोकळी जागा ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहील.

पंचांसाठी लाकडी ठोकळ्याला ड्रिलने आरपार भोके पाडा. भोक दांड्यापेक्षा सुमारे एक मिलिमीटर मोठे असावे, कारण पावसाळ्यात लाकूड फुगले की घट्ट भोकात पंच अडकून बसतो. आरपार यासाठी की चामड्याचा भुगा खाली पडून जावा, नाहीतर तोच भुगा ओल धरतो. गोल पंचांचे तोंड वर ठेवले तर आकार पटकन ओळखता येतो. दातेरी पंचांचे दात वर ठेवल्यास मात्र बोटे जखमी होतात आणि खाली ठेवल्यास दात लाकडावर आपटून बोथट होतात. म्हणून दोन पट्ट्यांमधली खाच थोडी तिरकी करून पंच डोक्यावर टेकवावेत, म्हणजे दात मागे आणि अधांतरी राहतात. हे ठीक जमेपर्यंत मी तीनदा ठोकळा बदलला, आणि त्यात घालवलेला वेळ मला आजही सार्थकी लागलेला वाटतो.

रापीसाठी मागे प्लाय, मध्ये पात्यापेक्षा किंचित जाड पट्ट्या आणि पुढे ॲक्रिलिकचा पारदर्शक तुकडा अशी तीन थरांची खाच करा. पाते बाहेरून दिसते, गंजाचा पहिला ठिपका लगेच लक्षात येतो आणि घरात लहान मूल असेल तर उघडी धार त्याच्या हाती लागत नाही. आऱ्यांची टोके बुचाच्या तुकड्यात खुपसून ठेवावीत. महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, शिलाई यंत्राच्या तेलाचा हलका हात पोलादावर फिरवावा. खोबरेल तेल वापरू नये, ते कालांतराने चिकट होते. चामड्याला हात लावण्याआधी ते तेल कोरड्या फडक्याने नीट पुसा, कारण तेलाचा डाग निघत नाही.

चामडे चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा या मांडणीत धरूच नका. त्याची वाफ पेट घेते, आणि दोन खोल्यांच्या घरात गॅसची शेगडी काही पावलांवरच असते. डबा घट्ट झाकणाचा, शेगडीपासून दूर, मुलांच्या हाताबाहेर आणि चिकटवताना खिडकी उघडी, एवढे कटाक्षाने पाळावे.

प्रश्न : धारावीहून आणलेले चामडे कपाटाच्या खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवले होते. त्यावर बुरशी आली आणि घडीची रेघही उमटली. हे चामडे ठेवावे कसे?
– एक वाचक, दादर

उत्तर : घडी नको आणि प्लास्टिकही नको. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशीला हवे ते मिळते. चामड्याची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून सैल वळकटी करा आणि जुन्या सुती धोतरात किंवा साडीत गुंडाळा. चार इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे टेबलाखाली आडवे बसवले तर वळकट्या जमिनीपासून उचललेल्या राहतात. पाइपाची दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत. आलेली बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि चामडे सावलीत, वाऱ्यावर सुकवा. उन्हात टाकले तर ते कडक होते. ओल्या चामड्यावर लोखंड टेकून पडलेला ताजा काळा डाग लिंबाच्या रसाने बराच फिका होतो, पण आधी उरलेल्या तुकड्यावर करून पाहा.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पंच ठोकण्याच्या आवाजाची खालच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली आहे. टेबलात काही बदल करता येईल का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : करता येईल, आणि तक्रार रास्त आहे. ठोकण्याची जागा टेबलाच्या मध्यावर असेल तर सगळे टेबल ढोलासारखे वाजते. ती टेबलाच्या पायाच्या अगदी वर आणा. तेथे जाड रबराचा तुकडा, त्यावर ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची जाड लादी आणि त्यावर भाजी चिरण्याचा नायलॉनचा बोर्ड ठेवा. दगडाच्या वजनामुळे घाव चामड्यातच मुरतो आणि कमी ठोके पुरतात. टेबलाच्या पायांखालीही रबर हवे. लोखंडी हातोडीऐवजी नायलॉनची किंवा लाकडी मोगरी वापरा, त्याने पंचाचे डोकेही फुटत नाही. दातेरी पंच पूर्ण आरपार न ठोकता केवळ खुणा उमटेपर्यंत ठोकून बाकीचे भोक आरीने हाताने पाडले तर आवाज निम्म्यावर येतो; वेळ जास्त लागतो, पण टाका अधिक तिरका आणि सुबक बसतो. रात्री दहानंतर फक्त शिवायचे काम ठेवावे.