वाचकांचे प्रश्न: दुकानात क्रिप्टो घ्यायचं का?

प्रश्न: आमचं कोल्हापुरात सुभाषनगरला चपलांचं काम आहे, वडिलांपासूनचं. इन्स्टावरनं दुबईतल्या एका गिऱ्हाईकाची मोठी ऑर्डर आलीय, ते म्हणतंय यूएसडीटीत पैसे पाठवतो, बँकेपेक्षा लवकर नि स्वस्तात पोचतात. पोरगं म्हणतंय दुकानात पण क्रिप्टोचा क्यूआर लावूया. करू काय?

उत्तर: काका, गिऱ्हाईक सांगतंय ते खरं आहे. यूएसडीटी डॉलरला बांधलेलं नाणं आहे, एकाची किंमत साधारण एक डॉलर, त्यामुळं ते बिटकॉइनसारखं वरखाली होत नाही (बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास होता आणि वर्षभरात १६ हजारांवर आला, तसल्या पैशात चपलेचा भाव लावणार तरी कसा). रविवारी रात्री पाठवले तरी काही मिनिटांत तुमच्या वॉलेटमध्ये (मोबाईलमधलं क्रिप्टोचं पाकीट) येतात, बँकेच्या सुट्टीचा काही संबंधच नाही.

पण खरा घोळ पैसे आल्यावर सुरू होतो. तुमचा माल निर्यातीचा आहे आणि फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणं निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेतनं यायला लागतात, बँक ते तुमच्या शिपिंग बिलाशी (माल बाहेर पाठवल्याचा कस्टमचा कागद) जुळवते आणि मगच तो व्यवहार सरकारच्या हिशोबात पूर्ण होतो. वॉलेटमध्ये आलेल्या यूएसडीटीला बँक कुठला कागद देणार? म्हणजे माल गेला, पैसे पण आले, तरी कागदावर पैसे आलेलेच नाहीत आणि उद्या जीएसटीच्या रिफंडला किंवा बँकेत कर्जाला उभं राहिलात की हीच गोष्ट आडवी येणार. म्हणून माझं स्पष्ट मत, ही ऑर्डर सोडू नका पण पैसे बँकेतनंच मागवा, नाहीतर रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या क्रॉस बॉर्डर पेमेंट कंपन्या आहेत, त्या गिऱ्हाईकाकडनं कार्डानं पैसे घेतात, तुमच्या खात्यात रुपये टाकतात आणि कागदही देतात. थोडं कमिशन जाईल, जाऊ दे.

आता दुकानातल्या क्यूआरचं. आपल्याकडं १ एप्रिल २०२२ पासनं क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस, आणि कायद्याच्या नजरेत क्रिप्टो खर्च करणं म्हणजे ते विकणंच. समजा कुणी १०,००० ला घेतलेलं नाणं आज १५,००० चं झालंय आणि त्यानं त्यातनं तुमच्याकडं १५,००० ची खरेदी केली, तर त्याला ५,००० नफ्यावर १,५६० रुपये कर भरायचाय, रिटर्नमध्ये वेगळी नोंद करायचीय, आणि दुसऱ्या नाण्यात तोटा झाला असला तरी तो यातनं वजा करता येत नाही. शिवाय जुलै २०२२ पासनं ठरावीक मर्यादेच्या वर १ टक्का टीडीएस आहे आणि नाणं घेणारे तुम्ही, म्हणून त्याची जबाबदारी तुमच्याकडं पण येते. चपलेच्या एका जोडामागं एवढं कोण करत बसणार?

आणि पोराला एक गोष्ट हातात मोबाईल देऊन करून दाखवायला सांगा. वॉलेटमध्ये यूएसडीटी आलेत, आता ते पुढं पाठव म्हणावं. ते ट्रॉन नेटवर्कवर (यूएसडीटी ज्यांवरनं फिरतात त्यातलं एक जाळं) असतील तर पाठवायची फी यूएसडीटीत जात नाही, टीआरएक्स नावाचं दुसरं नाणं लागतं, ते नसलं की पैसे समोर दिसतात पण हलत नाहीत. पत्ता म्हणजे ३४ अक्षरांची इंग्रजी रांग, ती कुणी वाचत नाही, पहिली चार नि शेवटची चार बघून लोक कॉपी करतात. हे चोरांना माहितीय, त्यामुळं ते सुरुवात नि शेवट सेम असलेला पत्ता बनवून तुमच्या वॉलेटला किरकोळ रक्कम पाठवून ठेवतात, तुम्ही पुढच्या वेळी हिस्टरीतनं कॉपी करताना तोच उचलता आणि पैसे गेले. परत मागायला ना ब्रँच, ना मॅनेजर. मला यातलं हेच सगळ्यात जास्त खुपतं, कारण आपल्याकडं दुकान आई-वडील नि पोरं मिळून चालवतात आणि एकाची चूक सगळ्यांना भोगायला लागते.

प्रश्न: मी राजारामपुरीत राहतो, कॉलेजला आहे. मिसळीचं बिल बिटकॉइननं का देता येत नाही? यूपीआय तर दोन सेकंदात होतं.

उत्तर: बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे व्यवहार नोंदवायच्या वहीचं एक पान, साधारण दहा मिनिटांनी बनतो आणि सगळ्या जगाचे मिळून सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार त्यात बसतात. गर्दी झाली की फी वाढते, आणि फी रकमेवर नसते त्यामुळं मिसळीला पण तीच नि बंगल्याला पण तीच. लाइटनिंग नेटवर्कवर (छोट्या व्यवहारांसाठी बिटकॉइनवरच उभारलेलं वेगळं जाळं) हे पटकन होतं, पण यूपीआयला दुकानदाराला चार्ज नाही, मग तो दुसरं कशाला लावेल? एल साल्वाडोर या देशानं २०२१ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलन केलं होतं, तिथंसुद्धा २०२५ मध्ये दुकानदारांवरची सक्ती काढून टाकली.

प्रश्न: दादा, मी हुपरीची. मुलानं पीटूपीवर (थेट दुसऱ्या माणसाला) यूएसडीटी विकले, पैसे आले आणि आठवड्यात बँकेनं खातं गोठवलं. घरचा सगळा पैसा त्यातच आहे.

उत्तर: ताई, आधी घाबरू नका. पीटूपीत घेणारा थेट यूपीआयनं पैसे टाकतो, ते पैसे कुणाच्या फसवणुकीतले असले आणि फसलेल्या माणसानं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे जिथं जिथं फिरले त्या खात्यांवर टाच येते, मग मुलाचा दोष असो नसो. बँकेत जाऊन तक्रारीचा नंबर नि कुठल्या राज्यातलं पोलीस ठाणं आहे ते लेखी घ्या. मग ऑर्डरचे स्क्रीनशॉट, चॅट, ज्या नावानं पैसे आले त्याचं स्टेटमेंट असं सगळं जोडून त्या तपास अधिकाऱ्याला मेल करा, आणि संपूर्ण खातं न अडकवता फक्त वादातली रक्कम रोखा अशी विनंती आवर्जून लिहा. ऐकलं नाही तर वकील गाठून कोर्टात अर्ज करता येतो. "एवढे द्या, खातं सोडवून देतो" म्हणणारे फोन येतील, त्यांना एक रुपया देऊ नका. आणि मुलाकडं अजून नाणी उरली असतील तर एफआययू या केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तचर विभागाकडं नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच थेट विकायला सांगा, तिथं कापलेला टीडीएस २६एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) दिसतो, तो रिटर्न भरताना जुळवून घ्या.