कॅडमन मोठा फॉरवर्ड होईल का? आधी मोजपट्टी बदलूया

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएल लीगमधल्या सिडनीच्या जायंट्स संघाचा फॉरवर्ड (गोल मारणारा खेळाडू) अ‍ॅरन कॅडमन 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, 2025 धरून तीन हंगाम झाले, खेळतो चांगला, पण पुढे तो लीगमधल्या अगदी वरच्या फळीत जाईल की 'बरा खेळाडू' एवढ्यावरच थांबेल? त्यावर दोघांनी 'एव्हाना कळायला हवं होतं' असं लिहिलंय, आणि एकाने त्याला सरळ गोलसमोर उभा करा असं सुचवलंय. मी बरीच वर्षं होमबुशला, त्यांच्या घरच्या मैदानावर, जाऊन जायंट्सचे सामने बघतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझं मत: होईल. पण लोक ज्या वेळापत्रकाने आणि ज्या साच्यात त्याला बघतायत, तसा नाही.

आधी 'एव्हाना' बद्दल. हा हिशोब मिडफिल्डरला लागू पडतो, उंच फॉरवर्डला नाही. मिडफिल्डर जमिनीवरचा चेंडू उचलतो, वाट काढतो, पुढे देतो; त्याला लागणारी चपळाई 18 व्या वर्षी अंगात असू शकते. उंच फॉरवर्डचं काम वेगळं. चेंडू लांबून उंच येतो, खाली तो, त्याला रोखणारा फुलबॅक, आणि बऱ्याचदा मदतीला धावून आलेला आणखी एक बचावपटू. तो फुलबॅक 28-30 वर्षांचा, अंगापिंडाने भरलेला, आणि कोणत्या क्षणी किती रेटलं की पंच फ्री किक देत नाही हे पुरतं जाणणारा. त्याच्या रेट्याविरुद्ध पाय रोवून उभं राहायचं आणि त्याच वेळी हात वर मोकळे ठेवून चेंडू झेलायचा. झेलला तर मार्क, म्हणजे निवांत किक मारायचा हक्क. निसटला तर दोन सेकंदांत तो समोरच्यांच्या ताब्यात. हे अंग तयार व्हायला वर्षं जातात, त्याला इलाज नाही.

टॉम हॉकिन्स आठवतोय का? त्याचे वडील जीलाँगकडून खेळलेले, म्हणून तो 2006 च्या ड्राफ्टमध्ये फादर-सन नियमाने जीलाँगला मिळाला. 2007 मध्ये पदार्पण केलं आणि मग चार वर्षं लोक हेच विचारत होते जे आज तुम्ही विचारताय. 2011 च्या हंगामात तर त्याला संघातून काढून व्हीएफएलमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या लीगमध्ये, खेळायला पाठवलं होतं. त्याच वर्षी ग्रँड फायनलच्या, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्याच्या, उत्तरार्धात त्याने कॉलिंगवूडच्या बचावफळीला उचलून बाजूला ठेवलं. पुढच्या वर्षी 62 गोल. कोलमन मेडल, म्हणजे साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान, त्याला मिळालं थेट 2020 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी. निवृत्त झाला तेव्हा नावावर 796 गोल होते. 2010 मध्ये त्याच्यावर शेवटचा शिक्का मारला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

कार्लटनच्या चार्ली कर्नोचंही बघा. गुडघ्याने त्याची 2019 ते 2021 ही वर्षं जवळजवळ गिळली. 2020 मध्ये तर एकही सामना नाही. आणि मग 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन कोलमन. आता तो सिडनी स्वान्सकडे आलाय, तेव्हा तुम्हाला एससीजीवर (सिडनी क्रिकेट ग्राउंडवर) जाऊन भर तारुण्यातला उंच फॉरवर्ड कसा दिसतो ते प्रत्यक्ष बघता येईल. जरूर जा. टीव्हीवर फक्त चेंडू दिसतो, फॉरवर्ड दिसत नाही.

अपवाद आहेत, ते लपवायचे नाहीत. लान्स फ्रँकलिनने 2008 मध्ये 21 व्या वर्षी फायनल्स धरून 113 गोल मारले. त्यानंतर आजपर्यंत एका हंगामात कुणाला शंभरी गाठता आलेली नाही. जेरेमी कॅमेरून 2013 मध्ये, विशीत, याच जायंट्सकडून 62 गोल मारून ऑल-ऑस्ट्रेलियन झाला, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडला गेला, तेही संघाने अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकलेला असताना. पण ही दोन नावं पिढीतून एकदा येतात. कॅडमन या दोघांसारखा नाही, हे मान्य करायला मला काहीच अडचण वाटत नाही. वरच्या फळीत जायला फ्रँकलिन असावंच लागतं, ही अट मात्र मला मान्य नाही.

आता पहिल्या क्रमांकाच्या ओझ्याबद्दल, कारण जायंट्सच्या बाबतीत त्याला इतिहास आहे. या क्लबने उंच फॉरवर्डवर पहिला क्रमांक तीनदा खर्च केलाय. 2011 ला जोनाथन पॅटन: गुडघ्याचं लिगामेंट तीनदा फाटलं, जे व्हायला हवं होतं ते झालंच नाही. 2013 ला टॉम बॉयड: एका हंगामानंतर मोठ्या कराराने वेस्टर्न बुलडॉग्सकडे गेला, 2016 च्या ग्रँड फायनलमध्ये तीन गोल मारून क्लबचा 62 वर्षांचा दुष्काळ संपवायला हातभार लावला, आणि 2019 मध्ये, अवघ्या 23 व्या वर्षी, निवृत्त झाला. मानसिक त्रासाबद्दल तो नंतर मोकळेपणाने बोललाय, आणि त्या मुलावर किती दडपण टाकलं गेलं हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. तिसरा कॅडमन. त्याच्यासाठी जायंट्सनी 2022 मध्ये चार क्लबांच्या एका भल्यामोठ्या अदलाबदलीतून पहिला क्रमांक मिळवला. जेसन हॉर्न-फ्रान्सिस पोर्ट अॅडलेड क्लबकडे गेला तोच व्यवहार. म्हणजे पोरगा मैदानात उतरायच्या आधीच त्याच्या नावावर किंमत लिहिलेली होती. 'तीन वर्षं झाली, अजून कुठे' ही घाई तिथूनच येते. ड्राफ्टचा क्रमांक निवडणाऱ्यांची पारख सांगतो. खेळाडूच्या वाढीचा वेग तो ठरवत नाही.

आता मुख्य मुद्दा. कॅडमनला लोक जायंट्सच्याच जेसी हॉगनचा वारस म्हणून बघतात आणि मग त्याचे गोल मोजतात. माझं म्हणणं, हा साचाच चुकीचा आहे. हॉगन गोलच्या पुढ्यातला माणूस आहे. अंग आडवं घालून जागा धरतो आणि शेवटच्या क्षणी सुटून झेल घेतो. कॅडमन पळणारा फॉरवर्ड आहे. अंदाजे 195 सेंटीमीटर उंची, पण खेळतो त्याहून लहान चणीच्या माणसासारखा: हाफ-फॉरवर्डपासून विंगपर्यंत वर येतो, मार्क घेतो, चेंडू देतो आणि लगेच वळून परत गोलकडे धावत सुटतो. या जातीचा सर्वात मोठा खेळाडू म्हणजे सेंट किल्डाचा निक रिव्होल्ट. तोही 2000 च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक. 336 सामने, 718 गोल, पाच वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन, आणि कोलमन मेडल एकदाही नाही. रिव्होल्ट महान नव्हता असं मेलबर्नमध्ये उभं राहून म्हणून बघा. कॅडमन रिव्होल्ट होईल असा दावा मी करत नाही. त्याला ज्या पट्टीने मोजायचं ती पट्टी रिव्होल्टची आहे, एवढंच म्हणतोय.

मग बघायचं काय? पुढच्या वेळी होमबुशला जाल तेव्हा चेंडू दुसऱ्या टोकाला असताना निदान एक क्वार्टर फक्त कॅडमनच्या 5 नंबरच्या जर्सीवर नजर ठेवा. बहुतेक प्रेक्षक तेव्हा चेंडूकडे बघत असतात, आणि फॉरवर्डचं अर्धं काम तेव्हाच चाललेलं असतं. तो आधी संथ चालतो, बचावपटूला बेसावध करतो. मग गोलच्या दिशेने तीन-चार पावलं खोटी टाकतो. बचावपटू मागे सरकला की गर्रकन वळून मोकळ्या जागेत सुसाट निघतो. यालाच लीड म्हणतात. चेंडू त्याच्याकडे आला नाही, तर खरी परीक्षा सुरू होते. साधारण तरुण फॉरवर्ड हात पसरतो, मान हलवतो, उभा राहतो. कॅडमन वळतो आणि दुसरी लीड काढतो, आणि दुसरीही फुकट गेली तर तिसरी. असं तो चौथ्या क्वार्टरपर्यंत करत राहतो. समोरचा बचावपटू तोपर्यंत कमरेवर हात ठेवून श्वास घेत असतो. हे आकड्यांत उतरत नाही, पण त्यामुळे संघातल्या टोबी ग्रीनला किंवा हॉगनला जी मोकळी जागा मिळते ती आकाशातून पडत नाही.

दुसरी गोष्ट, चेंडू जमिनीवर पडल्यानंतरची. उंच माणसं बहुधा तिथे संपतात. हा पडला तरी उठून टॅकलला जातो. अ‍ॅडम किंग्जली या प्रशिक्षकाच्या संघात फॉरवर्डने चेंडू सहज बाहेर जाऊ दिला तर त्याची जागा जाते, त्यामुळे ही सवय त्याला पहिल्या वर्षापासून लागली आणि ती आयुष्यभर पुरणारी आहे.

आणि सराव. आठवडाभर तो ज्यांच्यासमोर सराव करतो त्यात सॅम टेलर आहे, 2022 चा ऑल-ऑस्ट्रेलियन बचावपटू, हवेतल्या चेंडूवर लीगमधल्या सर्वात अवघड माणसांपैकी एक. टेलरला चकवायला शिकलेला मुलगा शनिवारी दुसऱ्या कुणाला घाबरेल असं मला वाटत नाही.

कमतरता कुठे आहेत? मला दोन दिसतात. पहिली, मागून रेटा आला की अजून तो कधीकधी चेंडूच्या खाली जातो. उडी वेळेआधी पडते. अंगात आणखी बळ आलं की ही तक्रार निम्मी होईल. दुसरी, सेट शॉट, म्हणजे मार्कनंतर थांबून मारलेली किक. मार्क घेतल्यावर 30 सेकंद मिळतात, आणि 2021 पासून मार्क घेतला त्या जागी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला जागचं हलता येत नाही, म्हणजे नियम किक मारणाऱ्याच्या बाजूने आहे. गोलचे खांब एकमेकांपासून 6.4 मीटर. आत गेला तर सहा गुण, बाजूला गेला तर एक. इथे ताकद नाही, शिस्त लागते: तितकीच पावलं, तोच वेग, चेंडू हातातून त्याच उंचीवरून सोडायचा, आणि खांद्यांची रेघ गोलकडे. दमलेला असताना कॅडमनची शेवटची दोन पावलं लांब पडतात आणि चेंडू उजवीकडे सरकतो, असं मला गोलच्या मागून बघताना अनेकदा जाणवलंय. इतकं पळणाऱ्या फॉरवर्डला हा त्रास होतोच. रिव्होल्टलाही सेट शॉटने कमी छळलं नाही. हा दोष सुधारता येण्याजोगा आहे. पळायची इच्छा मात्र शिकवून येत नाही, आणि ती याच्याकडे आहे.

शरीराचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्याच्या नावाने ते मेडल दिलं जातं तो एसेंडनचा जॉन कोलमन: 1949 मध्ये पहिल्याच सामन्यात 12 गोल, 98 सामन्यांत 537, आणि 1954 मध्ये, 25 व्या वर्षी, गुडघ्याने कारकीर्द संपली. पॅटनचं वर लिहिलंच. या खेळात उंच माणूस हवेतून एका पायावर खाली येतो आणि त्या पायावर कोण पडेल ते त्याच्या हातात नसतं. माझं 'होईल' हे उत्तर शरीराने साथ दिली तर, या अटीवर आहे. कुठल्याही फॉरवर्डबद्दल याहून जास्त खात्रीने बोलता येत नाही.

शेवटी, त्याला आत्ताच गोलसमोर उभा करा या सूचनेबद्दल. मला ती पटत नाही. 2025 मध्ये जायंट्स एलिमिनेशन फायनलमध्ये (हरला तो बाहेर, असा सामना) घरच्या मैदानावर हॉथॉर्नकडून हरले, त्याचा राग मी समजू शकतो, मीही तो बाळगून आहे. हॉगन तिशीत आहे, कधीतरी जागा रिकामी होणार हेही खरं. पण हॉगनचाच प्रवास बघा: 2015 मध्ये मेलबर्नकडून रायझिंग स्टार (सर्वोत्तम नवोदित), मग वडिलांचं निधन, कॅन्सरचे उपचार, पायाच्या दुखापती, फ्रीमँटल, आणि तिसऱ्या क्लबात येऊन 2024 मध्ये 69 गोलांसह कोलमन. मधल्या काळात दर दुसऱ्या वर्षी कुणीतरी त्याची जागा, त्याचं वजन, त्याची भूमिका बदलायचा सल्ला देत होतं. तो फुलला तो किंग्जलीच्या संघात, जिथे त्याला एकच काम सांगितलं गेलं आणि आजूबाजूला पळणारी माणसं दिली गेली.

कॅडमनला गोलसमोर बांधून ठेवलं तर त्याचा सर्वात मोठा गुण, त्याचा दमसास, वाया जाईल आणि सर्वात कच्ची बाजू, मागून येणारा रेटा, दर मिनिटाला पणाला लागेल. त्याऐवजी 2019 पासूनच्या 6-6-6 नियमाचा फायदा घ्यावा. मैदानाच्या मध्यभागी पंच चेंडू उडवून खेळ सुरू करतो त्या वेळी प्रत्येक संघाचे सहाच खेळाडू बचावात असू शकतात, म्हणजे त्या काही सेकंदांत फॉरवर्डला एकास एक लढत मिळते. तेवढ्यापुरता कॅडमनला खोल ठेवा, हॉगनला थोडा वर आणा. चेंडू खेळात आला की दोघं आपापल्या जागी जातील. हॉगन दुखापतीने बाहेर असेल तेव्हा ही अदलाबदल क्वार्टरभर करून बघायलाही हरकत नाही. रिकामी होणारी जागा भरायला क्लबने पुढच्या ड्राफ्टमध्ये एखादा दांडगा मुलगा शोधावा, आणि कॅडमनला पळू द्यावं.