नोकरी आणि घर सांभाळून शिवण, पेंटिंग, फोटोग्राफीसाठी वेळ कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की शिवण, पेंटिंग, फोटोग्राफी तिन्ही आवडतं, सामानही घरात पडून आहे, पण ऑफिस आणि घरचं आवरल्यावर रात्री जेमतेम अर्धा तास उरतो आणि तोही मोबाइलवर जातो. त्या मोबाइलबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. तो उचलला की चालू होतो, आणि इकडे मशीन कपाटातून काढा, टेबल रिकामं करा, वायर लावा, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळ) भरा, दोरा ओवा, एवढं होईपर्यंत पंधरा मिनिटं गेली आणि शेवटची दहा परत आवरायला हवीत, म्हणजे शिवायला उरली पाच. पाच मिनिटांसाठी कोण एवढा खटाटोप करेल, मी तरी नाही करत.

मी हे तिन्ही करतो, त्यातही शिवण जास्त, आणि माझा अनुभव असा की या तिन्हींना वेगवेगळ्या जातीचा वेळ लागतो. आपण सगळ्यांसाठी एकच "निवांत दुपार" शोधत बसतो आणि ती काही येत नाही.

शिवणाचंच घ्या. शिवण हे एक काम नाहीच, सहा-सात वेगळी कामं आहेत. कापड आधी धुऊन वाळवून घेणं (सुती असेल तर हे करायचंच, नाहीतर शिवून झाल्यावर आटतं), इस्त्री करणं, बेतणं, कापणं, टाचणं, मशीनवर शिलाई मारणं आणि मग तुरपाई, बटणं वगैरे हातकाम. यातलं बेतणं आणि कापणं याला मोठी जागा आणि शांत डोकं लागतं, मध्ये कोणी हाक मारली तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जातात. त्यामुळे ते सुट्टीच्या दिवशीच, आणि बसलात की दोन-तीन कपडे एकदमच कापून टाका. प्रत्येक कपड्याचे तुकडे, बटणं, चेन, दोरा सगळं एका पिशवीत भरून ठेवायचं. हे एकदा झालं की मधल्या वारी रात्री नुसती पिशवी उघडायची आणि दोन शिलाया मारायच्या. तुरपाईला तर मशीनही नको, कोणाशी गप्पा मारता मारता, फोन स्पीकरवर टाकून, कुठेही होते. आणि एका रंगाच्या दोऱ्याची सगळी कामं एका बैठकीत उरकायची, दर वेळी दोरा आणि बॉबिन बदलण्यात किती वेळ जातो ते मोजलं तर चक्कर येईल.

जमलं तर मशीन कायम बाहेर ठेवा. अगदी छोट्या टेबलावर, वर कापड झाकून, पण दोरा ओवलेली. घरात लहान मूल असेल तर मात्र नाही, सुया आणि कात्र्या उघड्यावर नकोच. मग तुरपाईसुद्धा मूल झोपल्यावर, आणि तोपर्यंत पुढचे दोन छंद जास्त सोयीचे.

पेंटिंगमध्ये वेळ कुठल्या रंगांनी करता यावर अवलंबून असतो, हे फारसं कोणी सांगत नाही. ॲक्रिलिक पटकन वाळतो हे चांगलं वाटतं, पण तो पॅलेटवरही वाळतो आणि ब्रशमध्येही, आणि एकदा वाळला की पाण्याने विरघळत नाही, म्हणजे मध्येच उठावं लागणाऱ्या माणसाचे ब्रश कामातून गेले. ऑइल उलट, ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतं, हाताला कोरडं लागायला दिवस जातात, त्यामुळे आज अर्धं सोडलेलं उद्या परत हलवता येतं. पण वास, खिडकी उघडी ठेवणं, प्रत्येक वेळी ब्रश साफ करणं हा व्याप आहे. माझ्या मते तुटक वेळ असणाऱ्याने वॉटरकलर घ्यावेत. पॅलेटमध्ये वाळलेला रंग दुसऱ्या दिवशी ओला ब्रश फिरवला की परत जिवंत होतो, ब्रश नुसता पाण्याने धुतला की झालं, आणि सगळं सामान एका डब्यात मावतं. कागद लहान ठेवा, ए६ म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, पोस्टकार्डाएवढा. एका दिवशी नुसतं पेन्सिलने रेखाटन, दुसऱ्या दिवशी पहिला हलका वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, आणि तो वाळेपर्यंत थांबायचंच असतं तर तेवढ्यात तुमचं दुसरं काहीतरी काम उरकतं. घाई करून ओल्यावरच पुढचा थर दिला की चिखल होतो, म्हणून हा छंद मध्ये मध्ये उठणाऱ्यांना फार छान जमतो.

ऑंरी रूसो हा फ्रेंच चित्रकार पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीला होता, चित्रकला स्वतःच शिकला, १८८६ पासून तिथल्या प्रदर्शनात चित्रं लावायला लागला आणि नोकरी सोडली १८९३ मध्ये. म्हणजे मधली सात वर्षं जकात गोळा करत करतच प्रदर्शनं चालू होती. हे अशासाठी सांगतोय की "आधी नोकरी सुटू दे, मग बघू" असं म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत.

फोटोग्राफीबद्दल लोकांचा समज असतो की फिरायला वेळ लागतो. फोटो काढायला सेकंदाचा भाग लागतो, वेळ खातं ते नंतरचं काम. व्हिव्हियन मायर नावाची अमेरिकन बाई शिकागोत मुलं सांभाळायची नोकरी करायची, मुलांना फिरायला नेताना गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा, म्हणजे वेगळा वेळ काढायचा प्रश्नच नाही, कामातच फोटो. तिचे निगेटिव्ह २००७ च्या लिलावात लोकांच्या हाती लागले आणि मग ती जगाला कळली. पण तिच्या सामानात शेकडो रोल असे होते जे डेव्हलपच झाले नव्हते! तिच्यासारखीचं हे, तर आपल्या फोनमधल्या हजारो फोटोंचं काय घेऊन बसलात.

म्हणून मी मोजकेच काढतो. ३५ एमएम रोलमध्ये साधारण ३६ फोटो यायचे, तेवढीच मर्यादा एका फेरीला डोक्यात ठेवतो, आणि त्याच रात्री झोपायच्या आधी नको ते उडवून टाकतो, कारण दुसऱ्या दिवशी ते होत नाही आणि आठवड्यानंतर तर कधीच नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) फक्त खास प्रसंगी, कारण रॉ काढलं की ते कॉम्प्युटरवर बसून डेव्हलप करावं लागतं, रोजच्या फिरण्यात जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातूनच तयार होऊन येणारा फोटो, पुरतं (यावर काही लोक भांडतील, भांडू देत). उजेडाचं म्हणाल तर सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळायच्या आधीचा थोडा वेळ सगळ्यात मऊ प्रकाश देतो, आणि बऱ्याच लोकांची ऑफिसला जाण्यायेण्याची वेळ त्याच्या आसपासच येते. एक स्टॉप आधी उतरा, झालं.

तेव्हा तिन्ही छंद सोडू नका पण तिन्हींचा एकाच रात्रीत मेळ घालू नका. येताजाता कॅमेरा, रात्रीच्या अर्ध्या तासात रंगांचा डबा किंवा पिशवीतली तुरपाई, आणि सुट्टीच्या दिवशी कापणं. पहाटे चारला उठा म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका, झोप आधीच कमी असेल तर तिथून वेळ चोरला की हात थरथरतो आणि शिलाई वाकडी जाते. आणि उठताना काम अशा जागी सोडा की पुढची पायरी तुम्हाला माहीत आहे, म्हणजे पुढची शिलाई टाचून ठेवलेली किंवा पुढचा रंग कुठे द्यायचा ते कागदाच्या मागे लिहिलेलं, नाहीतर पुढच्या वेळी निम्मा वेळ "मी कुठे होतो" यातच जातो.

घरच्यांना वेळ स्पष्ट सांगा. "मी जरा शिवतोय" म्हटलं की तुम्ही रिकामेच आहात असं समजून हाका येतात, "साडेनऊ ते दहा मी नाही" म्हटलं की कमी येतात. बदल्यात त्यांचाही तेवढाच वेळ तुम्ही सांभाळा, नाहीतर ते फार दिवस चालत नाही.

अजून एक, तुम्ही शिवता हे कळलं की ओळखीतले सगळे चेन बदलायला आणि पँटची लांबी कमी करायला येणार. नाही म्हणायला जड जातं आणि मग स्वतःचं कापलेलं कापड तसंच राहतं. मी आता सांगतो की दुसऱ्यांची कामं महिन्यातून एकाच ठरावीक रविवारी करतो, कपडा धुतलेला हवा, नवी चेन आणि त्याच रंगाचा दोरा तुम्ही आणायचा. निम्म्या लोकांना त्यानंतर ती पँट आहे तशीच चालते.