"किती जण?" असं विचारलं आणि तोंडून "पार्सल" निघून गेलं

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं लहान करून देते.

"ताई, मी ५६ वर्षांची. मिस्टर जाऊन १४ महिने झाले. घराजवळ एक छोटं रेस्टॉरंट अँड बार आहे, तिथे दर शुक्रवारी आम्ही दोघं जायचो, २० वर्षं तरी. एक बियर दोघांत, बोंबील फ्राय, मग हाफ राइस आणि फिश करी. गेल्या महिन्यात हिंमत करून एकटी गेले, दारात एका नवीन पोराने विचारलं, किती जण? मी पटकन म्हणाले, पार्सल. घरी आणून डबा उघडला तर बोंबलाचा लगदा झालेला, तसाच टाकून दिला. नणंद म्हणते या वयात एकटी बाई बारमध्ये बसलेली बरी दिसते का. मुलगा बेंगळुरूला असतो, तो म्हणतो आई ऑनलाइन मागव ना. लोक बघतील, ओळखीचं कोणी भेटेल, बिल्डिंगमध्ये चर्चा होईल असं सारखं वाटतं. शिवाय तिथला जुना वेटर आम्हाला चांगला ओळखतो. जाऊ की नको?"

ताई, जा. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. लोक, ओळखीचे, बिल्डिंग, नणंद, या सगळ्यांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय आणि त्या जुन्या वेटरचं मात्र एकच वाक्य, तेही शेवटी, आणि मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. त्याला कदाचित माहीतच नाहीये. तुम्ही वर्षभर फिरकला नाहीत, तो समजत असेल मुलाकडे गेले असतील किंवा घर बदललं असेल. तुम्ही जाऊन बसाल, तो नेहमीसारखा हसत येईल, दोन ग्लास ठेवेल आणि विचारेल, "साहेब मागून येतायत का?" आणि मग भरलेल्या हॉटेलात, समोर मेनूकार्ड धरून, तुम्हाला ते वाक्य बोलावं लागेल. दारात तुमचे पाय त्या पोरामुळे अडले नाहीत हो, या न विचारलेल्या प्रश्नामुळे अडले. माझा अंदाज चुकला तर सोडून द्या, पण बरोबर असेल तर यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे.

शुक्रवारची वाट बघू नका. मधल्या एखाद्या वारी दुपारी चार-साडेचारला जा, जेवायला नाही, नुसतं भेटायला. त्या वेळी जेवणाची गर्दी संपलेली असते, वेटर लोक नॅपकिनच्या घड्या घालत बसलेले असतात, गल्ल्यावरचे अण्णा हिशेब करत असतात. त्या जुन्या वेटरला बाजूला बोलवा आणि सांगा, साहेब गेले, मागच्या वर्षी. रडू आलं तर येऊ द्या, रिकामं हॉटेल आहे. त्यालाही वाईट वाटेल, २० वर्षं दर शुक्रवारी त्याने तुम्हा दोघांना वाढलंय, त्यालाही हे कळायला हवं ना. आणि मग सांगा, मी एकटी येत जाणार आहे, मला भिंतीकडचं टेबल देत जा. बस. पुढे दारातल्या नवीन पोराला काय सांगायचं ते तोच सांगेल. तेवढंही जड वाटत असेल तर फोन करून सांगितलंत तरी चालेल.

आता नणंदबाईंचं. त्या काळजीने बोलल्या असतील, मी त्यांना नावं ठेवणार नाही, पण "बरी दिसते का" हा प्रश्न एकट्या पुरुषाला कोणी विचारतं का? कुठल्याही परमिट रूममध्ये संध्याकाळी बघा, एक काका क्वार्टर, मसाला पापड आणि पेपर घेऊन दोन तास बसलेले असतात, कोणाची मान वळत नाही. आपल्याकडे एकट्याने जेवणं नवीन नाहीये. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो गिरणी कामगार खानावळीतच जेवायचे आणि त्या खानावळी चालवायच्या कोण, तर बायका, आपल्या एका खोलीत, चुलीपुढे. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे एकट्या माणसाला पोटभर वाढायचं काम बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आणि बाई एकटी ताटावर बसली की चर्चा, हे मला आजही मनापासून खटकतं. आणि कायद्याचं म्हणाल तर संविधानाच्या कलम १५ मध्ये सरळ लिहिलंय की स्त्री आहे म्हणून कोणाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जायला आडकाठी करता येणार नाही. नणंदबाईंना हे ऐकवायची गरज नाही, तुम्हाला माहीत असू द्या.

लोक बघतील का? हो, बघतील. दोनेक मिनिटं. मग त्यांची ऑर्डर येते, टीव्हीवर मॅच चालू असते, विसरतात.

मी पहिल्यांदा एकटी जेवायला बसले ती आई परळला हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा, जवळच्याच एका छोट्या मालवणी हॉटेलात. समोरच्या खुर्चीवर मी माझी पर्स ठेवली, कोणीतरी येणार आहे असं वाटावं म्हणून. वेटरने पाण्याचे दोन ग्लास ठेवले. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आलं, भाकरी आली, मी खात राहिले आणि जेवण होईपर्यंत दोन्ही ग्लास मीच संपवले होते, तहान लागली होती इतकी की दिवसभर पाणी प्यायचंच राहून गेलं होतं हे तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पर्स मांडीवर घेऊन बसले. त्यामुळे सुरुवातीला पर्स ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवा, फोन बघावासा वाटला तर बघा, कोणी मार्क देत नाहीये.

तुमचं जुनं टेबल घ्यायचं की नाही हे मात्र तिथे गेल्यावर ठरवा. काहींना तिथेच बरं वाटतं, काहींना ती समोरची खुर्ची खायला उठते. पहिल्यांदा सातच्या सुमारास जा, नऊनंतरचा गोंगाट टाळा. बोंबलाची प्लेट एकटीला जास्त होईल तर हाफ मिळेल का विचारा, नसेल तर उरलेली करी पार्सल करून घ्या, करी घरी नेता येते. बोंबील नाही येत, आणि तुमच्या मुलाला हे समजावून सांगा, प्रेमाने. बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, ते वजनाखाली दाबून काढायचं, रवा लावून कडक तळायचा आणि तव्यावरून ताटात आला की लगेच खायचा. झाकण लावलेल्या डब्यात वीस मिनिटं ठेवला की वाफेने त्याचा लगदा होणारच. बिचाऱ्या पोराला वाटतंय आईला जेवण हवंय. तुम्हाला तो कुरकुरीत तुकडा हवाय, मागे भांड्यांचा आवाज हवाय, कोणीतरी आपणहून लिंबू आणून ठेवलेलं हवंय. हे ऑनलाइन येत नाही, त्याला सांगितलं तर तो समजेल.

बियरबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत पण मी बोलते. या १४ महिन्यांत डॉक्टरांनी झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळ्या दिल्या असतील तर आधी त्यांना विचारा, गोळ्या आणि दारू एकत्र अजिबात नको. तसं काही नसेल तर तुम्ही दोघं घ्यायचात ती मोठी बाटली ६५० मिलीची, म्हणजे तुमच्या वाट्याला येत होती ३२५. पाइंट, म्हणजे छोटी बाटली, ३३० मिलीचा असतो. पाइंट मागवा. तुमच्या वाट्याची तेवढीच आहे अजून.