डाळिंबाचा रस प्यावा की अर्काची गोळी घ्यावी? शरीरात जास्त काय शोषलं जातं?

पॉलिफेनॉलची (वनस्पतींमधल्या एका प्रकारच्या संयुगांची) मात्रा सारखी असेल तर फार फरक पडत नाही. हे माणसांवर तपासलेलं आहे: रस प्यायल्यावर एलॅजिक आम्ल (या पॉलिफेनॉलपासून सुटणारा घटक) रक्तात लवकर दिसतं, अर्काच्या भुकटीनंतर जरा उशिरा, एकूण प्रमाण जवळपास तेवढंच.

खरं काम पुढे, मोठ्या आतड्यात होतं. डाळिंबातलं मुख्य पॉलिफेनॉल म्हणजे प्युनिकॅलाजिन; त्याचा रेणू इतका मोठा असतो की तो अख्खा शोषला जात नाही. त्यातून सुटलेल्या एलॅजिक आम्लापासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाचं संयुग बनवतात आणि मुख्यतः तेच रक्तात शिरतं. काहींच्या आतड्यात हे काम करणारे जिवाणूच नसतात. त्यांनी रस प्यायला काय किंवा गोळी घेतली काय, युरोलिथिन जवळजवळ बनत नाही. म्हणून लेबलवरच्या मिलिग्रॅमवर विसंबू नका.

गोळीची मला एक काळजी वाटते: मात्रा सहज वाढते. दुसऱ्या एका वनस्पती-घटकाचं उदाहरण घ्या: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (गाजरातलं केशरी रंगद्रव्य) पूरक म्हणून दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला (१९९४ चा अहवाल). रसात साखर असते. मधुमेह असेल तर दाणेच खाल्लेले बरे. आणि औषधं चालू असतील तर अर्क घेण्याआधी डॉक्टरांना विचाराच.