“तिथली माणसं काय म्हणाली गं?”

प्रश्न: ताई, आम्ही सोळा वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगी अकरावीत आहे. एपी इंग्लिशच्या (कॉलेजच्या पातळीच्या इंग्रजीच्या) वर्गात त्यांना जोसेफ कॉनरॅडचं ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ लावलंय आणि पुढच्या शुक्रवारी त्यावर वादविवाद आहे: हे पुस्तक वर्णद्वेषी आहे की नाही? बाईंनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले. आमची मुलगी ‘नाही’च्या बाजूला आली. तिच्या जिवलग मैत्रिणीचे आईवडील नायजेरियाचे, ती नेमकी समोरच्या गटात. मुलगी म्हणते, मी वाचणारही नाही आणि बोलणारही नाही. हिचे बाबा म्हणतात, त्या काळची माणसं तशीच होती, कला म्हणून वाच, मार्क मिळव आणि मोकळी हो. रोज जेवताना खडाजंगी. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांनी नातीकडून मराठीत सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, “आणि तिथली माणसं काय म्हणाली गं?” तिला उत्तर देता आलं नाही. शाळेकडे दुसरं पुस्तक मागावं का? धाकट्याला, तो आठ वर्षांचा आहे, मी रात्री ‘द सीक्रेट गार्डन’ वाचून दाखवते. आता तेही हातात घ्यायची भीती वाटते.

उत्तर: तुमच्या सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर जे विचारलं, तेच नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या व्याख्यानात विचारलं होतं. कॉनरॅडची ही कथा १८९९ साली मासिकातून आली. मार्लो नावाचा खलाशी आफ्रिकेतल्या काँगो नदीतून बोट घेऊन हस्तिदंत गोळा करणाऱ्या कुर्ट्झकडे जातो, ती ही गोष्ट. पाऊणशे वर्षं तिच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. धुकं, नदी, माणसाच्या मनातला अंधार यांवर पानंच्या पानं खर्ची पडली. अचेबे यांनी साधा हिशेब मांडला: गोष्ट आफ्रिकेतली, पण आफ्रिकी माणसं बोलतात मोजून दोनदा. एकदा, किनाऱ्यावरच्या माणसांना पकडून आम्हाला खायला द्या, असं म्हणण्यासाठी. दुसऱ्यांदा, कुर्ट्झ हा गोरा साहेब मेला हे सांगण्यासाठी. बाकी वेळ ओरडणं, नाचणं आणि झाडीतून चमकणारे डोळे. कुर्ट्झच्या युरोपातल्या वाग्दत्त वधूला शेवटी बोलायला अख्खा प्रसंग मिळतो. काँगोच्या काठावर उभी असलेली, त्याच्यावर जीव असलेली स्त्री मात्र हात वर करून गप्प राहते.

मी हे पुस्तक पुण्यात एम.ए.ला वाचलं. आम्हाला ‘अंधार हे प्रतीक’ असं शिकवलं गेलं आणि मी परीक्षेत तेच लिहून चांगले गुण मिळवले. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याचं नावही वर्गात निघालं नाही. १८८५ ते १९०८ काँगो ही त्याची खासगी मालमत्ता होती, हस्तिदंतासाठी आणि पुढे रबरासाठी तिथल्या माणसांना मरेस्तोवर राबवलं गेलं, हे मला फार उशिरा कळलं. तुमची मुलगी निदान योग्य गोष्टीवर अडली आहे. मी अडले नव्हते, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तरीही माझं मत स्पष्ट सांगते. दुसरं पुस्तक मागू नका. बऱ्याच शाळांत तसं मागता येतं हे खरं, पण इथे त्याने काहीच साधणार नाही. मैत्रीण वर्गात बसून तेच वाचणार आणि तुमची मुलगी दुसऱ्या खोलीत दुसरं काहीतरी वाचत बसणार. यात मैत्रिणीची कसली सोबत? अचेबेही बंदी मागत नव्हते. कॉनरॅडच्या शैलीची ताकद त्यांनी त्याच व्याख्यानात मान्य केली होती. नीट वाचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

नीट वाचायचं म्हणजे कसं, ते एका परिच्छेदावर दाखवते. मुलीबरोबर तुम्हीही हे पान काढा. पहिल्या भागात मार्लो हा निवेदक झाडांच्या सावलीत येतो. तिथे राबवून राबवून संपलेले मजूर मरणाची वाट बघत पडलेले आहेत. तो त्यांतल्या एका पोराला आपल्या खिशातलं बिस्कीट देतो. पोराच्या गळ्यात पांढऱ्या लोकरीचा धागा असतो. मार्लोला प्रश्न पडतात: हा कुठून आला, ही खूण की दागिना, की ताईत? त्यामागे काही विचार तरी असेल का?

इथे थांबा. १८९९ साली ब्रिटनच्या एका प्रतिष्ठित मासिकात, साम्राज्याचा उदोउदो चालू असताना, हे दृश्य छापून आलं ही लहान गोष्ट नव्हे. काँगोतल्या अत्याचारांविरुद्ध चळवळ उभारणाऱ्या ई. डी. मोरेल यांनी या विषयावरचं सर्वांत प्रभावी लेखन म्हणून याच पुस्तकाचं नाव घेतलं. पण तोच परिच्छेद पुन्हा वाचा. धाग्याबद्दल मार्लोला चार प्रश्न पडतात आणि त्यांतला एकही तो त्या पोराला विचारत नाही, खुणेनेसुद्धा नाही. शेवटचा प्रश्न तर पोराच्या डोक्यात विचार असतो का, इथपर्यंत जातो. कणव आणि तुच्छता एकाच परिच्छेदात, आणि परिच्छेद इतका सुंदर की दुसरी गोष्ट लक्षातच येत नाही. पुढे बोटीच्या बॉयलरवरचा आफ्रिकी कामगार येतो आणि त्याची तुलना विजार घालून मागच्या पायांवर चालणाऱ्या कुत्र्याशी होते. तेही वाक्य लयदार आहे. म्हणून कला म्हणून वाच हा सल्ला मला अपुरा वाटतो. कला इथे पूर्वग्रहावरचं पांघरूण नाही. पूर्वग्रह मनात रुतवण्याचं काम तीच करते. वाईट लेखकाचा वर्णद्वेष त्याच्याबरोबर रद्दीत जातो. कॉनरॅडचा आपल्या वर्गात पोचला, कारण तो उत्तम लिहितो.

आता तिच्या बाबांचं ‘त्या काळची माणसं’. हा मुद्दा आपण मराठी लोक फार वापरतो, म्हणून इथे थोडी रेंगाळते. कॉनरॅड स्वतः १८९० च्या जूनपासून काही महिने काँगोत होता, बोटीवर नोकरीला. त्याच वर्षी जुलैत जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकार त्याच नदीकाठी स्टॅन्ली फॉल्सला होता. त्याने तिथून लिओपोल्डला खुलं पत्र लिहिलं. लोकांकडून जमिनी कशा लुबाडल्या, त्यांना कसं राबवलं, मारलं, याची मुद्देसूद तक्रार त्यात आहे, आणि ती तिथल्या माणसांना विचारून लिहिलेली आहे. वर्ष तेच, नदी तीच, अत्याचार तेच. विल्यम्सने विचारलं, मार्लोने विचारलं नाही. त्यामुळे ‘त्या काळी कुणाला दिसतच नव्हतं’ असं म्हणता येत नाही. ‘त्या काळची माणसं’ म्हणताना आपण त्या काळच्या काँगोतल्या माणसांना मोजतच नाही. ती माणसंही त्याच काळची होती.

मुलीने ‘नाही’ची बाजू कशी मांडायची? प्रामाणिकपणे मांडता येते. मार्लो म्हणजे कॉनरॅड नव्हे. थेम्सवरच्या बोटीत बसून तो गोष्ट सांगतो आणि ती आपल्याला तिसराच माणूस ऐकवतो, हा तिचा पहिला मुद्दा. लंडनची नदीसुद्धा एकेकाळी अंधारातलीच होती असं मार्लो सुरुवातीलाच बजावतो, म्हणजे ‘सुधारलेले’ आणि ‘रानटी’ ही विभागणी पुस्तक स्वतःच हलवतं, हा दुसरा. किनाऱ्यावर काही नसताना जंगलावर तोफा डागणारी फ्रेंच युद्धनौका हा तिसरा. साम्राज्याचा वेडेपणा इतक्या थोडक्यात फार कमी जणांनी पकडला आहे. अचेबे यांचं उत्तरही तिला ठाऊक हवं: लेखकाला मार्लोपासून वेगळं व्हायचं असतं, तर त्याने वाचकाला दुसरा एखादा आधार दिला असता, आणि तसा तो कुठेही देत नाही. मला अचेबे यांचं म्हणणं जास्त पटतं. पण अचेबे जिथे म्हणतात की माणसांचं माणूसपण नाकारणारी कादंबरी थोर कलाकृती असूच शकत नाही, तिथे मी अडखळते. पुस्तक थोर आहे आणि त्याने अन्यायही केला आहे, ही दोन्ही वाक्यं मला खरी वाटतात, आणि एकाने दुसरं माफ होत नाही. मुलीलाही शुक्रवारी उभं राहून हे म्हणता येईल. नेमून दिलेल्या बाजूने बोलताना, “समोरच्यांचा हा मुद्दा मला मान्य आहे,” असं म्हटल्याने मार्क कमी झालेच तर होऊ द्या.

मैत्रिणीशी मात्र तिने शुक्रवारच्या आधी बोलायला हवं. “चिठ्ठीत मला ही बाजू आली, तुला कसं वाटतंय?” इतकंच. आणि बाईंना तुम्ही दोन ओळींची ईमेल करा: अचेबे यांचं व्याख्यान वर्गात सोबत वाचलं जाणार आहे का? पुस्तकाबरोबर ते बऱ्याच ठिकाणी शिकवलं जातं. एका मुलीच्या माणूसपणावर हो-नाहीचे गट पाडण्यापेक्षा दोन लेखकांना समोरासमोर ठेवणं केव्हाही बरं.

धाकट्यासाठी ‘द सीक्रेट गार्डन’ बंद करू नका. मेरी भारतातून आलेली चिडकी मुलगी आहे; पहिल्याच प्रकरणात तिची आया पटकीने मरते आणि मेरी रडत नाही. पुढे यॉर्कशरमध्ये ती रागाने म्हणते की नेटिव्ह ही माणसं नसतातच, सलाम करणारे नोकर असतात. त्या वाक्यावर पुस्तक मांडीवर उलटं ठेवा आणि त्याला सांगा, “बाळा, ही आपल्याबद्दल बोलतेय.” आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं. तो काय म्हणतो ते ऐका आणि पुढे वाचा. बाग फुलते तो भाग फार गोड आहे, त्याचा आनंद त्याच्यापासून हिरावू नका.

शेवटचं थोडं कठीण आहे. आपण फक्त कॉनरॅडला प्रश्न विचारून थांबलो तर मुलगी विचारेल, आणि तिने विचारायलाच हवं, की आपल्या कपाटातल्या मराठी पुस्तकांचं काय? तिला जोतीराव फुल्यांचं पत्र दाखवा. १८८५ साली, म्हणजे अचेबे यांच्या व्याख्यानाच्या नव्वद वर्षं आधी, न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना ग्रंथकार सभेचं बोलावणं धाडलं. जोतीरावांनी जायला नकार दिला. इतरांचे मानवी हक्क जे उघडपणे देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असं त्यांनी कळवलं. अशा ग्रंथकारांना उद्देशून वापरलेले ‘घालमोड्या दादा’ हे शब्द त्याच पत्रातले. आणि ‘गुलामगिरी’ हे १८७३ चं पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलीला हा धागा तिचा स्वतःचा वाटेल. ते पत्र वाचल्यावर आपल्या गेट-टुगेदरमध्ये कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबद्दल मराठीतून, त्यांना कळणार नाही म्हणून, जे सहज बोललं जातं तेही तिच्या कानाला खुपेल. खुपू द्या, आणि पुढच्या वेळी तुम्हीच पहिल्यांदा टोका.

पत्र छोटं आहे. सासूबाईंना मोठ्याने वाचायला सांगा, त्या काळची मराठी नातीला त्याच उलगडून सांगतील. अचेबे यांचं व्याख्यान एका बैठकीत वाचून होतं. ते तिच्या बाबांना द्या, शुक्रवारच्या आधी.