हवेवरची गाडी खाली बसली, पैसे घालू का विकून टाकू?

प्रश्न : नमस्कार, मी पिंपळगाव बसवंतचा, आमची द्राक्षबाग आहे. 2021 ला सेकंडहँड जर्मन एसयूव्ही घेतली, 2014 चं मॉडेल, डिझेल, सात सीटर, मूळ दिल्ली पासिंग. नवी असताना 70 लाखांच्या वर होती ती मला 13 लाखात मिळाली म्हणून घरात सगळे खूश होते. आता 1 लाख 38 हजार किमी झालेत. दोन महिन्यांपासून सकाळी पुढची डावी बाजू खाली बसलेली असते, चालू केली की घरघर करत हळूहळू वर येते, आणि गेल्या आठवड्यात डॅशबोर्डवर लाल लाईट पण लागला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने पुढचे दोन्ही एअर शॉकअप आणि कंप्रेसर मिळून 4 लाख 60 हजारांचं एस्टिमेट दिलं, वर म्हणाले गिअरबॉक्स झटके देतोय, त्याचं मेकॅट्रॉनिक (गिअर टाकणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग) बदलावं लागेल, ते वेगळं. नाशिकचा एक गॅरेजवाला म्हणतो एअर काढून साधे स्प्रिंग टाकू, लाखाच्या आत काम होईल. इन्शुरन्सवाला म्हणतो क्लेम बसत नाही. डीलर आहे तशी 5 लाखाला मागतोय. पण आईचे गुडघे गेलेत, ही गाडी बटण दाबलं की खाली होते म्हणून तिला हिच्यातच चढता येतं. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी एक सांगतो, आजपासून ही गाडी बसलेल्या अवस्थेत कुठेही नेऊ नका, कसारा घाट उतरून मुंबईला तर अजिबात नको. टायर वर मडगार्डला घासतो आणि कडेने फाटतो. आणि कोणी खाली वाकून बघणार असेल तर स्टँड लावल्याशिवाय अंग आत घालू देऊ नका, हवा गेली की दोन टनांच्या वरचं वजन एकदम खाली येतं.

आता हे होतं कसं ते बघा. तुमच्या गाडीला लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराच्या पिशव्या आहेत, त्यात हवा भरलेली. रबर जिथे दुमडतं तिथे वयाने बारीक भेगा पडतात, गाडी कमी चालली तरी पडतात. रात्रभर हवा गळते, सकाळी कंप्रेसर ती भरायला जास्त वेळ चालतो, तापतो, आणि शेवटी तोच जळतो. म्हणून नुसता कंप्रेसर बदलणाऱ्याकडे जाऊ नका, गळती तशीच राहिली तर नवा पण तसाच जाणार. उलट बाजूने, गळती बंद झाली तर तुमचा जुना कंप्रेसर अजून चालेल का हे त्यांनी तपासलंय का? एस्टिमेटमध्ये तो सरसकट धरलेला दिसतोय.

ही टेस्ट तुम्ही घरीच करा, फुकट आहे. रात्री सपाट जागेवर गाडी लावा, चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, लिहून ठेवा, सकाळी गाडी चालू न करता परत मोजा. एकच कोपरा खाली आला तर ती पिशवी किंवा तिची नळी, दोन-तीन कोपरे आले तर वाल्व्ह ब्लॉककडे, म्हणजे चारही पिशव्यांना हवा वाटणाऱ्या भागाकडे, संशय जातो. मग मेकॅनिकला साबणाचं पाणी मारून बुडबुडे दाखवायला सांगा. कधीकधी गळती नळीच्या जोडावरच्या ओ-रिंगला (रबराच्या छोट्या कड्याला) असते, ती काही शे रुपयांची गोष्ट असते आणि लोक लाख घालवून बसतात, ह्याचा मला खरंच त्रास होतो.

पिशवीच गेली असेल तर पुढच्या दोन्ही एकदमच बदला, दुसरीचं वयही तेवढंच आहे. पण कंपनीच्या डब्यातलाच पार्ट पाहिजे असं नाही. बिल्स्टाईन, कॉन्टिनेंटलसारखे मेकर तोच माल बाहेर स्वतःच्या नावाने विकतात, कंप्रेसर वॅब्को किंवा एएमकेचा मिळतो. पार्ट नंबर, वॉरंटी आणि जीएसटी बिल लेखी घ्या, जुने पार्ट परत मागा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत काढलेले पार्ट मिळतात, तिथून सेन्सर, लाईट घ्यायला माझी हरकत नाही, रबराची वस्तू मात्र वापरलेली घेऊ नका.

साधे स्प्रिंग टाकणं वाईट नाही, एकट्या माणसाची गाडी असती तर मी सांगितलंही असतं. पण मग गाडी वरखाली व्हायची बंद होते. तुम्ही ती ठेवताय आईसाठी, आणि तेच गेलं तर लाखभर घालून काय मिळवलं?

गिअरबॉक्सचं. लाईफटाईम ऑईल असं सांगतात म्हणून दहा-अकरा वर्षं कोणी हात लावत नाही. तुमच्या गाडीत झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ स्पीड गिअरबॉक्स असेल तर झेडएफ स्वतः सांगते, 80 हजार ते 1 लाख 20 हजार किमी किंवा 8 वर्षं, त्यात ऑईल बदला. तुम्ही हद्द ओलांडलीय. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, पूर्ण पॅन बदलावा लागतो. आधी एरर कोडची प्रिंट मागा, ऑईल काढून बघा, नुसतं काळपट असेल तर ऑईल, पॅन आणि अॅडाप्टेशन रिसेट (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची जुनी सेटिंग पुसणं) करून झटके जातात का बघा. लोखंडाचा कीस निघाला तर मात्र थांबा, पुढे एक रुपया घालू नका.

इन्शुरन्सवाला बरोबर सांगतोय, झिजेने झालेलं नुकसान पॉलिसीत नसतं, झिरो डेपमध्येही (पार्टचा घसारा न कापणारी जादा पॉलिसी) नाही.

आणि ती स्वस्त का मिळाली हे लक्षात घ्या. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 ला हरित लवादाने बंदी आणली, 2018 ला सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, म्हणून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या कमी भावात इकडे आल्या. भाव 13 लाखांवर उतरला, पार्टचा भाव मात्र 70 लाखांच्या गाडीचाच राहिला. 2029 ला 15 वर्षं होतील तेव्हा आरटीओत पासिंग, पर्यावरण कर हेही येणार.

माझं मत : आधी गिअरबॉक्स तपासा, तो ठीक निघाला तर सस्पेन्शन बाहेर चांगल्या जागी करून घ्या, सगळं मिळून सव्वादोन लाखांची मर्यादा धरा आणि 2029 पर्यंत गाडी ठेवा. गिअरबॉक्स गेलेला असेल तर 5 लाख घ्या, आणि पुढची गाडी बघायला जाताना आईला सोबत न्या, चढउतर करून बघू द्या.

प्रश्न : माझ्या एसयूव्हीची वॉरंटी मार्चला संपतेय, एक्स्टेंडेड घेऊ का? (कोल्हापूर)

उत्तर : घ्या, पण मूळ संपायच्या आत, नंतर बहुतेक जण देत नाहीत. काय वगळलंय ते वाचा, बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), रबर, बॅटरी सहसा बाहेर असतात, एअर सस्पेन्शन आत आहे का हे लेखी विचारा. आणि फेब्रुवारीत एकदा गाडी लिफ्टवर घेऊन पूर्ण तपासून घ्या, जे निघेल ते जॉब कार्डवर लिहून घ्या.